मूलद्रव्यांची पंगत

दिवाळीपूर्वीं घराची साफसफाई निघाली, कीं फडताळांतील डबे, बरण्या, बाटल्या सर्व खालीं येतात. झाडणें-पुसणें सोपें असतें. कठीण काम पुढेंच असतें. या सर्व वस्तु परत लावावयाच्या कशा? कोणी मोठे डबे मागें व लहान पुढें ठेवतें. कोणी डाळी एका खणांत व मसाले दुसऱ्या खणांत असा विभाग करतें. एका रीतीनें जागा वांचते, पण हवी ती वस्तु वेळेवर सांपडत नाहीं; दुसऱ्या रीतीनें वस्तु सांपडते, पण जागा पुरत नाहीं. आणि कितीहि विचार केला, तरी दोन-चार बरण्या अशा उरतातच, कीं ज्यांना कोणत्याच खणांत नीट बसवितां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांपुढें असाच प्रसंग उभा राहिला होता. त्यांच्या फडताळांत डब्यांच्या जागीं मूलद्रव्यें होतीं. फरक एवढाच, कीं घरांतील डबे गृहिणीच्या सोयीप्रमाणें लावले तरी चालतात. सृष्टीच्या फडताळाची मांडणी मात्र सृष्टीनें आधींच करून ठेवली आहे काय, आणि असल्यास ती कोणती, हें त्यांना शोधून काढावयाचें होतें.

मूलद्रव्य या शब्दाचा अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडला, कीं उज्ज आणि प्राणवायु असे दोन वायु निघतात. म्हणजे पाणी हें संयुक्त द्रव्य ठरलें. परंतु या दोन वायूंचें मात्र कोणत्याहि रासायनिक उपायानें आणखी पृथक्करण होत नाहीं. उज्जांतून उज्जच निघतो, सोन्यांतून सोनेंच निघतें. अशा द्रव्यास मूलद्रव्य म्हणावयाचें. आपल्याकडील पंचमहाभूतें काय किंवा ग्रीकांचीं चार तत्त्वें काय, तीं तत्त्वचिंतकांच्या मननांतून निघालीं होतीं. तराजू हातीं घेऊन कोणी तीं तपासलीं नव्हतीं. रसायनशास्त्राला तराजूची शिस्त लावण्याचें श्रेय मुख्यतः लाव्हाझिए या फ्रेंच पंडिताकडे जातें.

१७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत लाव्हाझिएनें ३३ मूलद्रव्यांची यादी दिली आणि तिचे चार वर्ग केले. पहिल्या वर्गांत प्राणवायु, नत्रवायु व उज्ज यांच्या जोडीला प्रकाश आणि उष्णता. दुसऱ्यांत गंधक, स्फुरद, कर्ब यांसारखीं अधातु द्रव्यें. तिसऱ्यांत सोनें, रुपें, तांबें, लोखंड, पारा इत्यादि १७ धातु. आणि चौथ्यांत चुन्यासारखे पांच मृण्मय पदार्थ. प्रकाश व उष्णता यांना द्रव्यांच्या पंक्तींत बसलेलीं पाहून आज शाळेंतील मुलालाहि हंसूं येईल. परंतु त्या यादींतील खरी मोलाची गोष्ट निराळीच आहे. ज्याचें पृथक्करण आजवर झालें नाहीं, त्यालाच तूर्त मूलद्रव्य समजावें, उद्यां झाल्यास तें यादींतून काढून टाकावें, असा दंडक लाव्हाझिएनें घालून दिला. चुना वगैरे पदार्थ पुढें संयुक्त ठरतील, असा संशयहि त्यानें बोलून दाखविला होता. राज्यक्रांतीच्या धुमाळींत १७९४ सालीं त्याचा शिरच्छेद झाला. आपला तर्क खरा ठरलेला पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. इंग्लंडांत हंफ्रे डेव्ही यानें विजेच्या साहाय्यानें १८०७ सालीं पोटॅशियम व सोडियम हे धातु मिळविले आणि पुढच्याच वर्षीं चुन्यांतून कॅल्शियम काढून दाखविला.

यानंतर नव्या मूलद्रव्यांची रीघच लागली. १८३० च्या सुमारास त्यांची संख्या पन्नासांवर गेली. आतां धातु आणि अधातु हे दोन खण अपुरे पडूं लागले. सोडियम पाण्यांत टाकतांच सळसळत पळतो, तर सोनें हजारों वर्षें मातींत पडून राहिलें तरी झळाळी सोडीत नाहीं. दोन्ही धातु म्हटले म्हणून त्यांच्या स्वभावाविषयीं काय कळलें? कांहीं तरी अधिक निश्चित आधार हवा होता. तो पुरविला जॉन डाल्टन या इंग्रज शिक्षकानें. प्रत्येक मूलद्रव्याचे परमाणु एकसारखे असतात आणि त्यांचें वजन ठराविक असतें, असें त्यानें प्रतिपादिलें. परमाणु कांहीं तागडींत घालून मोजतां येत नाहीं. परंतु सर्वांत हलक्या उज्जाचा परमाणु १ मानला, तर इतरांचे परमाणु त्याच्या कितीपट जड आहेत, हें हिशेबानें काढतां येतें. हाच परमाणुभार. प्रत्येक मूलद्रव्याला असा आंकडा मिळाला आणि आंकडे आले म्हणजे त्यांत कांहीं मेळ आहे काय, हें पाहण्याचा मोह मनुष्याला आवरत नाहीं.

पहिला मोह लंडनच्या विल्यम प्राउट या वैद्याला झाला. बहुतेक परमाणुभार पूर्णांकांच्या जवळपास आहेत, असें पाहून त्यानें १८१५ सालीं निनांवी लेखांत सुचविलें, कीं सर्व मूलद्रव्यें उज्जाचींच घडलेलीं असावींत. कल्पना मोठी आकर्षक होती. परंतु स्वीडनच्या बर्झेलियसनें अत्यंत काळजीपूर्वक वजनें घेतलीं, तेव्हां क्लोरीनचा परमाणुभार साडेपस्तीस भरला, आणि अर्धा उज्ज तर असूं शकत नाहीं. प्राउटची कल्पना मागें पडली. मात्र तिच्यांत सत्याचा अंश होता, हें विसाव्या शतकांत दिसून आलें: निसर्गांतील क्लोरीन हें ३५ आणि ३७ अशा दोन वजनांच्या परमाणूंचें मिश्रण आहे.

दुसरा प्रयत्न अधिक सरस ठरला. जर्मनींतील येना विद्यापीठांत डोबेरायनर नांवाचा अध्यापक होता. तो एका गाडीवानाचा मुलगा. शाळेंतील शिक्षण बेताचेंच झालेलें. औषधी द्रव्यांच्या दुकानांत उमेदवारी करून तो रसायन शिकला. स्वभावानें सारख्या अशा तीन-तीन मूलद्रव्यांचे गट पडतात, आणि गटांतील मधल्याचा परमाणुभार दोन्ही बाजूंच्या परमाणुभारांच्या सरासरीइतका असतो, असें त्याच्या ध्यानांत आलें. १८२९ सालीं त्यानें हीं त्रिकें प्रसिद्ध केलीं. लिथियम ७ आणि पोटॅशियम ३९. बेरीज ४६, निम्में २३. आणि २३ हाच सोडियमचा परमाणुभार! क्लोरीन ३५.५ आणि आयोडीन १२७. यांची सरासरी ८१ च्या थोडी वर, आणि ब्रोमीनचा परमाणुभार ८०. कॅल्शियम, स्ट्राँशियम व बेरियम हें तिसरें त्रिक, आणि गंधक, सेलेनियम व टेलुरियम हें चौथें. ब्रोमीन तर १८२६ सालीं, म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वीं सांपडलें होतें. जणूं दोघां भावांच्या मधला भाऊ नुकताच घरीं परतला होता. त्रिकांच्या बाहेर मात्र बहुसंख्य मूलद्रव्यें तशींच विखुरलेलीं राहिलीं. त्यामुळें बहुतेकांनीं हा एक चमत्कारिक योगायोग समजून सोडून दिला.

त्रिकांची ही वाट पुढें न जाण्याचें आणखी एक कारण होतें. परमाणुभारांच्या आंकड्यांविषयींच एकवाक्यता नव्हती. पाण्याच्या कणांत उज्जाचा एक परमाणु कीं दोन? एक मानल्यास प्राणवायूचा परमाणुभार ८ होतो, दोन मानल्यास १६. त्याचप्रमाणें कर्ब कोणी ६ मानी, कोणी १२. एकाच पदार्थाचें सूत्र निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळें दिसे. ज्या बाजारांत प्रत्येक दुकानदाराचा शेर वेगळा, तेथें भावाची तुलना करणार कशी?

हा घोळ मिटविण्याकरितां सप्टेंबर १८६० मध्यें जर्मनींतील कार्ल्सरूह या शहरीं सुमारें १४० रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तीन दिवस वादविवाद झाला; निर्णय कांहींच झाला नाहीं. परंतु इटलीच्या कानिझारोनें तेथें आपले देशबंधु आव्होगाद्रो यांच्या जुन्या तत्त्वाचा जोरदार पुरस्कार केला, आणि परिषद संपतांना त्याची एक लहानशी पुस्तिका सभासदांच्या हातीं देण्यांत आली. समान उष्णतेच्या व समान दाबाखालच्या वायूंच्या सारख्याच आकारमानांत कणांची संख्या सारखीच असते, हें तें तत्त्व. त्याच्या आधारें प्राणवायु १६ आणि कर्ब १२ हे आंकडे निर्विवाद ठरत होते. ती पुस्तिका वाचून ज्यांच्या मनांतील संशय फिटला, त्यांत जर्मनीचा लोथार मायर हा एक होता. परिषदेस हजर असलेला, त्या वेळीं उच्च अभ्यासासाठीं जर्मनींत आलेला २६ वर्षांचा एक रशियन तरुणहि हें सर्व लक्षपूर्वक ऐकत होता. त्याचें नांव दिमित्रि मेंडेलीफ.

विश्वासार्ह आंकडे हातीं येतांच दहा वर्षांच्या आंत निरनिराळ्या देशांत अनेकांनीं एकाच दिशेनें पावलें टाकलीं. १८६२ सालीं शांकूर्त्वा या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञानें एक नळकांडें घेतलें, त्याच्या घेराचे १६ भाग केले आणि त्याभोंवतीं वेलीसारखी चढत जाणारी तिरपी रेघ ओढून तिजवर परमाणुभारांच्या क्रमानें मूलद्रव्यें मांडलीं. लिथियम ७, सोडियम २३ व पोटॅशियम ३९ हीं बरोबर एकाखालीं एक आलीं. म्हणजे ठराविक अंतरानें गुणधर्मांची पुनरावृत्ति होते, हें त्यानें ओळखलें. परंतु दुर्दैव असें, कीं त्याचा निबंध पॅरिसच्या अकादमीच्या पत्रिकेंत आकृतीवांचूनच छापला गेला. आधींच भाषा भूगर्भशास्त्राची, त्यांत आकृति गाळलेली. रसायनशास्त्रज्ञांना त्यांतून कांहींच बोध झाला नाहीं. ते पान उलटून पुढें गेले.

न्यूलँड्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची कथा याहून करुण आहे. त्याची आई मूळची इटालियन वंशाची. त्या नात्यानें गॅरिबाल्डीच्या झेंड्याखालीं १८६० सालीं इटलीच्या स्वातंत्र्यासाठीं तो लढूनहि आला होता. लंडनला परतल्यावर त्यानें मूलद्रव्यें परमाणुभारांच्या क्रमानें लावून त्यांना १, २, ३ असे अनुक्रमांक दिले. तों काय आश्चर्य! लिथियम दुसरा, सोडियम नववा, पोटॅशियम सोळावा. दर वेळीं सातांचें अंतर. सा, रे, ग, म, प, ध, नी हे सात स्वर झाले, कीं आठवा स्वर पुन्हां षड्जच असतो, फक्त वरच्या सप्तकांतला. तोच प्रकार येथें होता. पाश्चात्त्य संगीतांतहि हीच योजना असल्यानें न्यूलँड्सनें १८६५ सालीं आपल्या नियमाला अष्टकांचा नियम असें नांव दिलें.

१ मार्च १८६६ रोजीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें त्यानें हा विषय मांडला. तेव्हां जॉर्ज कॅरी फॉस्टर या प्राध्यापकानें विचारलें, कीं मूलद्रव्यें वर्णमालेच्या क्रमानें लावून पाहण्याचा प्रयत्न आपण केला आहे काय? कोणताहि क्रम घेतला तरी कांहीं योगायोग जुळायचेच, असा त्या टोमण्याचा रोख होता. सोसायटीनें निबंध छापलाहि नाहीं.

पण थट्टा सोडून न्यायाच्या दृष्टीनें पाहिलें, तर आक्षेपाला जागा होती. पहिलीं दोन सप्तकें सुरेल होतीं. पुढें मात्र स्वर बिघडत. लोखंड हें प्राणवायु व गंधक यांच्या ओळींत बसलें होतें. कोबाल्ट व निकेल या दोघांना एकाच जागेंत कोंबून क्लोरीन-ब्रोमीनच्या शेजारीं बसविलें होतें. चूक कोठें झाली? न्यूलँड्सनें त्या कोष्टकांत एकहि जागा रिकामी ठेवली नाहीं. ज्ञात असलेलीं मूलद्रव्यें हींच सर्व, असें धरून त्यानें सर्वांना दाटीवाटीनें बसविलें. मध्यंतरीं कोणी गैरहजर असेल, ही शक्यता त्यानें त्या मांडणींत धरली नाहीं. वर्गांतील चार मुलें गैरहजर असतांना हजेरीपटावरील नांवांपुढें हजर मुलांना ओळीनें उभें करावें, तर पहिल्या गैरहजर मुलापासून पुढचे सर्व जण दुसऱ्याच्याच नांवाला ‘हजर’ म्हणणार! तसेंच येथें झालें.

लोथार मायरनें १८६४ च्या आपल्या ग्रंथांत २८ मूलद्रव्यांचें एक नीटस कोष्टक दिलें होतें. पुढें १८७० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत परमाणूंचें आकारमान हें परमाणुभाराबरोबर लाटेप्रमाणें चढतें-उतरतें, हें त्यानें आलेख काढून दाखविलें. मायर सावध वृत्तीचा होता. जें दिसतें तेवढेंच सांगावें, न दिसलेल्याविषयीं भविष्य वर्तवूं नये, असा त्याचा बाणा होता. शास्त्रज्ञाला हा बाणा शोभतो; पण याच ठिकाणीं त्याच्याहून धाडसी मनुष्य पुढें निघून गेला.

मेंडेलीफचा जन्म १८३४ सालीं सायबेरियांतील टोबोल्स्क गांवीं झाला. वडील शिक्षक, त्यांची दृष्टि गेल्यावर आई मारिया हिनें कांचेचा कारखाना चालवून मोठें कुटुंब पोसलें. १८४८ सालीं तो कारखानाहि आगींत जळाला. तेव्हां त्या माउलीनें या धाकट्या मुलाला बरोबर घेऊन शेंकडों कोसांचा प्रवास केला. मॉस्कोच्या विद्यापीठांत प्रवेश मिळाला नाहीं. शेवटीं सेंट पीटर्सबर्गला शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेंत १८५० सालीं त्याचा प्रवेश झाला आणि थोड्याच काळांत तिनें देह ठेवला.

हा मुलगा पुढें सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठांत प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांसाठीं तो रसायनशास्त्राचें पाठ्यपुस्तक लिहीत होता. कोणत्या मूलद्रव्यानंतर कोणतें शिकवावें, हा त्याच्यापुढें प्रश्न होता. पहिला भाग झाल्यावर पुढील प्रकरणांचा क्रम ठरेना. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें १७ फेब्रुवारी, म्हणजे आपल्या हिशेबानें १ मार्च १८६९ रोजीं, त्या वेळीं ज्ञात असलेल्या ६३ मूलद्रव्यांचें कोष्टक त्यानें तयार केलें. जगाला मार्गदर्शक झालेला हा शोध एका शिक्षकाच्या पाठाच्या टांचणांतून निघाला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

मेंडेलीफची रीत दिसण्यांत इतरांसारखीच होती. परमाणुभारांचा चढता क्रम आणि गुणधर्मांची पुनरावृत्ति. परंतु जेथें या दोहोंचा मेळ बसेना, तेथें त्यानें तीन प्रकारचीं धाडसें केलीं. पहिलें, आंकडाच चुकला असावा, असें तो स्पष्ट म्हणाला. इंडियमचा परमाणुभार सुमारें ७६ धरीत, तो त्यानें ११३ ठरविला. युरेनियमचा १२० चा २४० केला. आणि दोन्ही ठिकाणीं पुढील मोजणीनें त्याचाच पक्ष खरा ठरला. दुसरें, टेलुरियम आयोडीनहून जड असतांहि गुणधर्मांकडे पाहून त्यानें टेलुरियम आधीं व आयोडीन नंतर बसविलें. आणि तिसरें धाडस सर्वांत मोठें: जेथें योग्य मूलद्रव्य सांपडेना, तेथें त्यानें जागा रिकामी सोडली. पंगत मांडतांना यजमान जसा वाटेवर असलेल्या पाहुण्यांचींहि पानें मांडून ठेवतो आणि कोणी घाईनें त्या पाटावर बसूं लागल्यास नम्रपणें दुसरीकडे बसवितो, तसेंच हें होतें.

इतकेंच नव्हे, तर हे पाहुणे दिसावयास कसे असतील, हेंहि त्यानें १८७१ सालीं लिहून ठेवलें. अॅल्युमिनियमखालच्या रिकाम्या जागेला त्यानें एक-अॅल्युमिनियम, दुसऱ्या दोन जागांना एक-बोरॉन व एक-सिलिकॉन असें म्हटलें. यांतील ‘एक’ हा शब्द आपला संस्कृतांतलाच आहे. त्या ज्ञात मूलद्रव्यापासून एक घर पुढें, असा त्याचा अर्थ. दोन घरें पुढें असल्यास त्यानें ‘द्वि’ हा शब्द योजला.

१८७५ सालीं फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रान यानें एका खनिजांत नवा धातु शोधून त्याला गॅलियम असें नांव दिलें. मेंडेलीफनें वर्णिलेला एक-अॅल्युमिनियम तो हाच. मात्र या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याची घनता ४.७ भरल्याचें लिहिलें. मेंडेलीफनें तो धातु डोळ्यांनीं पाहिलाहि नव्हता. तरी ती ५.९ च्या सुमारास असली पाहिजे, धातु पुन्हां शुद्ध करून मोजावा, असें त्यानें कळविलें. पुन्हां मोजली, ती ५.९ भरली! हा गॅलियम सुमारें ३० अंश सेंटिग्रेडला वितळतो, म्हणजे मुंबईच्या उन्हाळ्यांत तो कपाटांतच पातळ होईल. १८७९ सालीं स्वीडनच्या निल्सनला एक-बोरॉन सांपडलें, तें स्कँडियम. आणि १८८६ सालीं जर्मनींत विंक्लरला जर्मेनियम सांपडलें. एक-सिलिकॉनचा परमाणुभार ७२ आणि घनता ५.५ असेल, असें भाकित होतें. जर्मेनियमचा परमाणुभार ७२.६ आणि घनता ५.३ हून किंचित् अधिक निघाली. त्याच्या क्लोराइडाचा उत्कलनबिंदु शंभर अंशांच्या किंचित् खालीं असेल, असें लिहिलें होतें. तो ८६ निघाला. आतां या मांडणीला योगायोग म्हणण्याची कोणाची छाती होईना.

मेंडेलीफचें सर्वच खरें ठरलें, असें मात्र समजूं नये. विश्वव्यापी ईथर हें उज्जाहूनहि हलकें एक मूलद्रव्य असावें, ही त्याची कल्पना फोल ठरली. टेलुरियमचा परमाणुभार चुकीचा मोजला गेला असावा, हा त्याचा तर्कहि खोटा निघाला. टेलुरियम खरोखरच आयोडीनहून जड आहे. असें असतां त्यानें लावलेला क्रम मात्र बरोबर कसा? याचें उत्तर १९१३ सालीं मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें क्ष-किरणांच्या साहाय्यानें दिलें. खरा क्रम वजनाचा नसून परमाणूच्या गर्भांतील विद्युद्भाराचा आहे. त्या हिशेबानें टेलुरियम ५२ वें आणि आयोडीन ५३ वें. मोझली दोनच वर्षांनीं, १९१५ सालीं, गॅलिपोलीच्या रणांगणावर वयाच्या २७ व्या वर्षीं मारला गेला. १८९४ पासून अॅर्गॉनादि निष्क्रिय वायु सांपडूं लागले, तेव्हां त्यांच्यासाठीं कोष्टकांत एक नवा स्तंभच घालावा लागला. न्यूलँड्सचें अष्टक त्यामुळें नवक झालें. आज या पंगतींत ११८ मूलद्रव्यें बसलेलीं आहेत. शेवटच्या चौघांचें नामकरण २०१६ सालीं झालें.

या सर्व इतिहासांत कोणाचा प्रयत्न व्यर्थ गेला म्हणावयाचें? डोबेरायनरचीं त्रिकें आजच्या कोष्टकांत उभ्या स्तंभांत जशींच्या तशीं दिसतात. शांकूर्त्वाच्या वेलीचा पीळ आणि न्यूलँड्सचा आठवा स्वर हींहि त्यांत मिसळून गेलीं आहेत. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८८२ सालीं मेंडेलीफ व मायर यांना मिळून डेव्ही पदक दिलें, आणि ज्याची एकदां भरसभेंत थट्टा झाली होती, त्या न्यूलँड्सलाहि तेंच पदक १८८७ सालीं मिळालें. एकवीस वर्षें उशिरां कां होईना, ज्याचें त्याला पोंचलें.

परंतु मेंडेलीफचा विशेष कशांत होता, हें विसरतां कामा नये. त्याच्याजवळ इतरांहून अधिक आंकडे नव्हते; इतरांहून चांगली प्रयोगशाळाहि नव्हती. आपल्याला सर्व कांहीं माहीत नाहीं, हें कबूल करण्याची तयारी मात्र होती, आणि त्या अज्ञानाला कोष्टकांत नेमकी जागा आंखून देण्याची शिस्त होती. उत्तर येत नसेल तेथें कांहीं तरी लिहून पान भरण्यापेक्षां तें कोरें सोडावें, आणि तेथें काय असावयास हवें, याचा विचार करीत राहावें. शाळेंतील पाटीपासून शास्त्राच्या सर्वोच्च शिखरापर्यंत हा धडा सारखाच लागू पडतो. मेंडेलीफनें मांडलेल्या त्या पंगतींत सर्वांत जास्त बोललीं, तीं रिकामीं ठेवलेलीं पानेंच.